एकटं राहण्याची सोय: फॉर्स्टरची १९०९ची कथा आणि आपण

सावरी

इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर म्हटलं की आपल्याकडे ‘अ पॅसेज टू इंडिया’ ही कादंबरी आठवते. पण भारतात पाऊल ठेवण्याआधी, नोव्हेंबर १९०९मध्ये, या माणसाने एक लांबलचक कथा छापली होती: ‘द मशीन स्टॉप्स’. टीव्हीचं पहिलं जाहीर प्रात्यक्षिक १९२६चं, बीबीसीचा रेडिओ १९२२चा. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

कथेत माणसं जमिनीखाली राहतात आणि त्यांचं सगळं एक महाकाय यंत्र बघतं. प्रत्येकाला एकच षटकोनी खोली. खिडकी नाही, तरी हवा ताजी. दिवा दिसत नाही, तरी उजेड आहे. एक आरामखुर्ची, एक टेबल आणि भिंतभर बटणं. जेवणाचं बटण, कपड्यांचं बटण, संगीताचं बटण. एक दाबलं की जमिनीतून गरम पाण्याचा टब वर येतो. बरं वाटेनासं झालं की छतातून यंत्र खाली उतरतं, तोंडात थर्मामीटर घालतं आणि छातीवर नळी टेकवतं. वाश्ती नावाची बाई अशाच एका खोलीत राहते आणि तिचा मुलगा कुनो पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला. हातातली गोल तबकडी निळी उजळते, तिच्यात मुलगा दिसतो आणि म्हणतो, आई, मला तुला भेटायचंय. ती म्हणते, अरे पण दिसतेय की मी तुला! चेहऱ्यावरच्या बारीकसारीक छटा यंत्र पोचवत नाही, पण तेवढ्याने काही अडत नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय.

मुलाशी बोलायला ही बाई पाचच मिनिटं देते, कारण तिला ऑस्ट्रेलियन संगीतावर व्याख्यान द्यायचंय. तेवढ्या वेळापुरती ती खोली जगापासून तोडते. फोन संपल्यावर खोली पुन्हा जोडली जाते आणि साचलेलं सगळं अंगावर कोसळतं. नवा खाद्यपदार्थ कसा वाटला? तुला हल्ली काही कल्पना सुचल्यात का? माझ्या कल्पना ऐकतेस का? ती सगळ्यांना चिडून उत्तरं देते. मग व्याख्यान देते, तेही बसल्या जागेवरून, दहा मिनिटांत उरकून. तिच्या ओळखी आहेत हजारो.

मला सगळ्यात हलवलं ते विमानातल्या प्रसंगाने. मुलाच्या हट्टापायी ती शेवटी हवाई जहाजाने निघते. वाटेत तोल जातो, तिथली कर्मचारी बाई तिला सावरायला हात पुढे करते आणि वाश्ती भडकते. दुसऱ्याच्या अंगाला हात लावायची रीतच राहिलेली नसते. बिचारी कर्मचारी माफी मागते, तुम्हाला पडू दिलं नाही म्हणून.

आता माझा मुद्दा. या कथेचा उल्लेख झाला की लोक ‘बघा, व्हिडिओ कॉल आधीच सांगितला होता’ म्हणून मोकळे होतात. पण फॉर्स्टरच्या समाजात बोलण्याला बंदी नाही. उलट बोलणं उतू चाललंय. फक्त कुणाचं कुणावाचून काही म्हणता काही अडत नाही. साखर मागायला जावं लागत नाही, पत्ता विचारावा लागत नाही, म्हातारपणी हात धरायला कुणी लागत नाही. माणसं एकमेकांना तोडत नाहीत, ती नुसती अनावश्यक होत जातात. मला वाटतं आपणही त्याच वाटेला लागलोय, आणि दोष स्क्रीनला देऊन ही गोष्ट टाळतोय.

तुमच्या आयुष्यातलं असं कुठलं ‘अडणं’ गेलं? आणि आज कुणी परत दिलं तर घ्याल का?

चकली

वाचली नव्हती. साचलेल्या प्रश्नांचा भडिमार म्हणजे आमचा ‘कुटुंब परिवार’ ग्रुप. तासभर म्यूट केला की ‘आहेस का?’, ‘निळी खूण दिसतेय’, आणि मग एक रागावलेला आत्या.

चकली

*रागावलेली आत्या. ऑटोकरेक्टने लिंगबदल केला.

पांढरपेशा

सावरीताई, लेख छान, पण आक्षेप आहे. १९०९च्या इंग्लंडात सुखवस्तू घरात घंटा वाजवली की चहा यायचाच. आंघोळीचं पाणी, धुतलेले कपडे, विस्तवाची शेगडी, सगळं आपोआप. फरक एवढाच की बटणाच्या दुसऱ्या टोकाला मोलकरीण होती. फॉर्स्टर ज्या वर्गातून आला त्याचं ‘कुणावाचून अडत नाही’ हे यंत्राच्या आधीपासूनच चालू होतं. त्या मोलकरणीच्या जागी यंत्र आलं तेव्हा साहेबांना एकाकीपणा दिसला! तिला विचारलं असतं तर तिने यंत्राची पूजा घातली असती.

आपल्याकडेही तेच. ‘पूर्वी शेजारपाजार किती होता’ म्हणणाऱ्यांनी त्या शेजारातली भांडी कोण घासत होतं तेही सांगावं.

अबोली_७१

पांढरपेशा यांच्याशी सहमत.

‘पीपी नंबर’ आठवतोय का कुणाला? आमच्याकडे फोन नव्हता, सगळीकडे शेजारच्यांचा नंबर दिलेला. निरोप आला की त्यांचा धाकटा जिन्यातून हाका मारायचा. मग आपण पदराला हात पुसत धावायचं, आणि त्यांच्या दिवाणखान्यात सगळ्यांसमोर बोलायचं. काकू भाजी निवडत बसलेल्या, कान इकडे. लग्न ठरायच्या काळात मी एक अख्खं संभाषण ‘हो’, ‘नाही’, ‘बघते’ एवढ्यावर केलंय. एका नोकरीच्या मुलाखतीचा निरोप त्यांनी दिलाच नाही. विसरल्या म्हणाल्या. मुलीने बाहेरगावी जाऊ नये हे त्यांचं मत मला आधीपासून माहीत होतं.

तर हे ‘अडणं’ परत हवंय का? अजिबात नको. ज्यांना हवंय त्यांनी खुशाल घ्यावं.

सावरी

पांढरपेशा, मोलकरणीचा मुद्दा बिनतोड आहे आणि मला सुचला नव्हता. पण कथेत मोलकरीण सुटून कुठे गेली? तीही तशाच एका षटकोनी खोलीत बसली. तिची मोकळीक आणि मालकिणीची मोकळीक दिसायला एक झाली, आणि जिन्यात दोघींची गाठ पडायची तीही बंद झाली.

अबोलीताई, निरोप न देणाऱ्या काकूंना माझ्याकडूनही साष्टांग नमस्कार, लांबूनच.

ट्रान्झिस्टर

एक जुनी गंमत सांगतो, विषयाला धरूनच आहे. सोनीने जुलै १९७९मध्ये पहिला वॉकमन आणला, त्याला हेडफोनची दोन भोकं होती. वर एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि आतल्या माइकमधून दोघं एकमेकांशी बोलू शकायचे. ही कल्पना सोनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांची. एकट्यानेच गाणी ऐकत बसणं शेजारच्या माणसाला उद्धटपणा वाटेल, अशी त्यांना धास्ती होती. नवा वॉकमन घरी कानाला लावून बसले तर बायको वैतागली, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय.

पण झालं काय, की प्रत्येकाला स्वतःचा वेगळा वॉकमन हवा होता. पुढच्या मॉडेलांतून ते बटण गेलं. एका कंपनीने सोबतीची सोय फुकट देऊ केली होती, आणि गिऱ्हाइकांनी ती वापरलीच नाही. म्हणून ‘तंत्रज्ञानाने एकटं पाडलं’ हे वाक्य मला नेहमी अर्धवट वाटतं. आपणच मागितलं होतं की ते.

दुर्बीण

सध्या मुक्काम नागोया, म्हणून जपानबद्दल चार ओळी.

इथे ‘हिकिकोमोरी’ म्हणतात ती माणसं महिनोन्‌महिने, काही तर वर्षानुवर्षं खोलीबाहेर पडत नाहीत. आई दाराबाहेर ताट ठेवते आणि रिकामं झालं की उचलते. मानसोपचारतज्ज्ञ तामाकी साइतो यांच्या पुस्तकाने हा शब्द सर्वतोमुखी झाला, ते साल १९९८. स्मार्टफोन तेव्हा कुठे होता? मुलं खोलीत शिरली ती शाळेतली छळवणूक, परीक्षेतलं अपयश, नोकरीच्या बाजारातली मंदी यांना कंटाळून. यंत्रांनी त्यांना आत ओढलं नाही. आत टिकून राहणं सोपं केलं, एवढंच. सरकारने २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १५ ते ६४ वयाच्या अशा माणसांचा अंदाज १४ लाख ६० हजारांच्या घरात होता. यातले बरेच आता पन्नाशीला आलेत आणि ताट ठेवणारी आई ऐंशीची. पुढचा प्रश्न सगळ्यांना दिसतोय, बोलत कुणी नाही.

फेब्रुवारी २०२१मध्ये इथे एकाकीपणाचं खातं सांभाळायला मंत्री नेमला. ब्रिटनने जानेवारी २०१८मध्येच नेमला होता. फॉर्स्टरला हे कळतं तर त्याने कथेत एक समिती वाढवली असती.

आगाऊ कार्टं

तुम्ही सगळे फारच मागे बघताय. मी पुढचं सांगतो.

सन २०७०. स्थळ हिंजवडी, फेज ९ (मेट्रो अजून ‘लवकरच’). बी विंग १४०३च्या न्हाणीघरातून १३०३च्या छतात पाणी झिरपतंय. आज काय होतं? खालचा वर जातो, बेल वाजवतो, वरचा म्हणतो आमच्याकडून नाही, मग सेक्रेटरी, मग प्लंबर, मग चिकटपट्टी लावून सही केलेला कागद, मग दोन वर्षं अबोला, मग कुणाच्या तरी बारशाला पेढे देऊन समेट. गळती ही आपली सर्वात जुनी सामाजिक संस्था आहे, गणेशोत्सवाच्याही आधीची.

२०७०मध्ये १३०३च्या घराला ओल कळते. १३०३चा एजंट (म्हणजे मालकाच्या वतीने बोलणारा प्रोग्रॅम) १४०३च्या एजंटशी बोलतो. दोघं एका सेकंदात खर्च ६०-४० वाटून घेतात, यंत्रप्लंबर रात्री येऊन काम करून जातो. सकाळी दोघांच्या खात्यातून पैसे गेलेले असतात आणि शेरा एका ओळीचा: ‘शेजारसंबंध: उत्तम.’ वरचा आणि खालचा आयुष्यात एकदाही एकमेकांना भेटलेले नाहीत.

आणखी पुढे. आईला रोज मुलाचा फोन हवा असतो, मुलाला वेळ नसतो. मग मुलाच्या आवाजातला एजंट आईला रोज रात्री आठला फोन करतो, गोळ्या घेतल्यास का, गुडघा कसा आहे. आई शहाणी. तिला पहिल्या आठवड्यातच कळतं. ती काही बोलत नाही, पण तीही आपला एजंट लावून देते आणि निवांत मालिका बघत बसते. दोन एजंट रोज वीस मिनिटं गुडघ्याबद्दल बोलतात. महिन्याच्या शेवटी दोघांनाही अहवाल मिळतो की तुमचं नातं सुधारतंय.

यात खलनायक कुणीच नाही, सगळ्यांची सोयच झाली आहे.

चकली

आजीबाई मालिका बघतायत, हे वाचून हसले आणि मग आईला फोन केला. उचलला नाही. मालिका चालू असावी.

उंडगा

आगाऊ, एजंटला आई फसेल का, याचं उत्तर १९६६चं आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल करायचा. तुम्ही लिहिलं ‘मला आईचा राग येतो’, की तो विचारणार ‘घरच्यांबद्दल आणखी सांगा’. आत अक्कल शून्य, नुसता शब्दांचा फिरवाफिरवीचा खेळ. वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने तो लिहिला जाताना महिनोन्‌महिने पाहिला होता. तरी चार वाक्यं टाइप केल्यावर तिने साहेबांना सांगितलं, तुम्ही जरा बाहेर जाता का?

तिला फसवलं कुणीच नव्हतं, पण तिला एकांत हवा वाटला, तोही यंत्राबरोबर. वायझेनबॉम यांची झोप उडाली आणि उरलेलं आयुष्य ते संगणकाच्या भक्तांना टोचत राहिले. आज माझ्या ऑफिसातली पोरं बॉसला काय लिहू, बायकोला सॉरी कसं म्हणू, सगळं चॅटबॉटला विचारतात. बायकोही बहुधा विचारत असेल की या सॉरीला उत्तर काय देऊ.

पांढरपेशा

मग आकडेवारीचंही होऊन जाऊ दे. अमेरिकेत पिट्सबर्गच्या परिसरात काही घरांना पहिल्यांदा इंटरनेट देऊन रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यावर लक्ष ठेवलं. १९९८चा त्यांचा निष्कर्ष: जास्त वापर करणाऱ्यांत एकाकीपणा थोडा वाढला. वर्तमानपत्रांनी तो डोक्यावर घेतला. त्याच मंडळींनी त्याच घरांकडे पुढे पुन्हा पाहिलं, तर तो परिणाम बहुतांशी विरून गेला होता. २००२मध्ये त्यांनी तेही छापलं. दुसऱ्या एका गटात असं दिसलं की मुळात माणसांत रमणाऱ्यांना इंटरनेटचा फायदा झाला आणि बुजऱ्यांना तोटा. पहिला निष्कर्ष सगळ्यांना पाठ आहे, दुसरा कुणालाच माहीत नाही.

खडीसाखर

एरवी मी नुसती वाचत असते. म्हणजे ऐकत असते. मला दिसत नाही, फोन मला धागे वाचून दाखवतो आणि हे मी बोलून लिहितेय, तेव्हा चुका पोटात घाला.

धाग्यात सगळ्यांनी गृहीत धरलंय की पूर्वी माणसांमध्ये होतो आणि यंत्रामुळे खोलीत आलो. माझं उलटं झालं. मी खोलीतच होते. बाहेर पडायचं तर भाऊ मोकळा हवा. पुस्तक ऐकायचं तर वाचून दाखवणारी मैत्रीण हवी, आणि तिने गाळलेली पानं मला कळायची. ती ओशाळून गाळायची, ‘तसली’ पानं. आता मी माझी माझी सगळी पानं ऐकते. बँकेचा ओटीपी शेजारच्या मुलाला वाचायला द्यावा लागत नाही. या संकेतस्थळावर माझी भांडणंसुद्धा झालीयत, आणि समोरच्याला मी अंध आहे हे माहीत नसल्यामुळे तो तोंड भरून भांडला. केवढं बरं वाटलं होतं!

सावरीताई म्हणतात ‘अडणं’ गेलं. माझं रोज अडतं. फुटपाथवर दुचाक्या लावलेल्या असतात, बसमधला आवाज बंद असतो. ती माणसांची करणी आहे, यंत्राची नव्हे. मूळ कथा मी काल रात्री ऐकून काढली. त्यात यंत्राच्या राज्यात जन्मतःच फार धडधाकट दिसणारी बाळं मारून टाकतात, खोलीतल्या जगण्याला ती निरुपयोगी म्हणून. कोण ‘बसतं’ आणि कोण ‘बसत नाही’ हे कुणीतरी ठरवणं, हे मला त्या स्क्रीनपेक्षा जास्त ओळखीचं वाटलं. त्यावर कुणीच काही लिहिलं नाही.

सावरी

खडीसाखर, तुमच्या प्रतिसादाने माझी मांडणी हलवली. दुसऱ्यावाचून अडणं आणि दुसऱ्याच्या मेहेरबानीवर असणं यात फरक करायला हवा. अबोलीताईंचे काकूंकडचे फोन दुसऱ्या प्रकारातले. तो फरक यंत्र करत नाही, दोन्ही एकदमच पुसून टाकतं. तरी विचारते: मैत्रिणीने पानं गाळणं बंद झालं ते चांगलंच, पण ती मैत्रीण आता येते का?

खडीसाखर

येते. वाचायला नाही, चकाट्या पिटायला. पूर्वीपेक्षा कमी येते हे खरं, पण आता येते तेव्हा घड्याळ विचारत नाही.

कृष्णाकाठ

आमच्या सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव (ता. कडेगाव) कुणी आणलं कसं नाही? संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. १५ ऑगस्ट २०२२पासून सुरू झालं. लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाइलवर आली आणि शाळा उघडली तरी मोबाइल पोरांच्या हातून सुटेना, त्यातून हे निघालं. साडेआठला परत भोंगा.

पुण्यामुंबईचे लोक बातमी वाचून ‘वा, काय आदर्श गाव’ म्हणतात. माझं म्हणणं वेगळं आहे. भोंगा चालतो कारण तिथं कुणाचा टीव्ही चालू आहे हे गल्लीला ऐकू जातं, आणि चालू ठेवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी चावडीवर चार लोक विचारतात. म्हणजे काकूंचा कान गावाच्या कामी आला. तुमच्या १४०३ला भोंगा वाजवून काय उपयोग, काचा डबल आहेत. आमच्याकडं पाण्याची पाळी, ऊसतोड, सोसायटीचं कर्ज, सगळीकडं अजून एकमेकाशिवाय अडतंय. म्हणून भांडतोय पण आणि भोंगा पण ऐकतोय.

अबोली_७१

दीड तास काकू ऐकायला मी तयार आहे. चोवीस तास नाही.

ट्रान्झिस्टर

कथेचा शेवट कुणी बोललंच नाही. (ज्यांना वाचायचीय त्यांनी हा प्रतिसाद सोडा.) यंत्र एकदम बंद पडत नाही. आधी संगीतात खरखर येते. लोक समितीकडे तक्रार करतात, समिती म्हणते योग्य वेळी पाहू. हळूहळू खरखरीची सवय होते. मग फळांना बुरशीचा वास, आंघोळीच्या पाण्याला दुर्गंधी, यंत्राच्या कवितांची यमकं चुकायला लागतात. प्रत्येक वेळी आधी कुरकुर, मग सवय. शेवटी कळतं की दुरुस्ती करणारं यंत्रच बिघडलंय.

आमच्या सोसायटीत फाटकासाठी ॲप आहे. मध्यंतरी ते बंद पडलं तेव्हा रखवालदार मला ओळखत असूनही आत सोडेना, कारण ‘सिस्टीममध्ये दिसत नाही’. मी तक्रार टाकली. ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा संदेश फाटकाबाहेर उभा असतानाच आला. फॉर्स्टरच्या समितीची भाषा मला तोंडपाठ आहे.

उंडगा

एक शंका. एवढं सगळं लिहिणारा माणूस स्वतः माणसांत रमायचा का?

सावरी

उंडगा, याचं उत्तर आपल्या फार जवळ आहे. फॉर्स्टर १९१२-१३मध्ये पहिल्यांदा भारतात आला आणि १९२१मध्ये देवास संस्थानाच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार (तिसरे) यांचा खाजगी सचिव म्हणून काही महिने राहिला. मराठा दरबार, तिथली गोकुळाष्टमी त्याने डोळ्यांनी पाहिली. ती ‘अ पॅसेज टू इंडिया’च्या (१९२४) तिसऱ्या भागात उतरली आहे: राजवाड्यात रेटारेटी, गुलाल, मडकं फोडल्यावर दूधभात अंगावर सांडतोय, कुणाचा धक्का कुणाला लागतोय याचं कुणाला भान नाही, आणि गाणारे ज्याला आईबाप म्हणून आळवतायत ते नाव कृष्णाचं नाही, तुकारामाचं. देवासातला गोंधळ, गैरव्यवस्था, वाया जाणारा पैसा यांनी तो वैतागायचाही, तसं त्याने लिहून ठेवलंय. इंग्रज शिस्तीचा माणूस होता. पण बारा वर्षांपूर्वी ज्याने स्पर्शाची रीतच मोडलेला समाज कल्पिला होता, तो त्या गर्दीत अनवाणी उभा राहिला.

पांढरपेशा आता म्हणतील की महाराजांच्या पाहुण्याला गर्दी सुंदरच दिसणार.

पांढरपेशा

म्हणणारच होतो. तरी तुकारामाचं माहीत नव्हतं, त्याबद्दल आभार.

आगाऊ कार्टं

कथेचा मराठी अनुवाद इथे टाकता येईल का? मी आणि माझा एजंट अर्धा अर्धा करू.

सावरी

असा परस्पर टाकता येणार नाही. फॉर्स्टर १९७०मध्ये गेला, आणि आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०३० संपेपर्यंत. तोवर परवानगी काढावी लागेल. ती कुठून काढायची हे प्रकाशनातल्या कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पहिली चार पानं मी करायला तयार आहे, पण ‘मेंडिंग अपॅरेटस’ला (कथेतल्या त्या दुरुस्ती करणाऱ्या यंत्राला) चांगला शब्द सुचवा. ‘दुरुस्ती विभाग’ लिहिलं की महावितरण आठवतं.